छायाचित्र हें इतिहासाचें साधन : पूर्व युरोपांतील लांकडी यहुदी प्रार्थनामंदिरांची साक्ष

इतिहासाच्या साधनांची गणना करतांना आपण ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, दफ्तरें, पत्रें, बखरी व पोथ्या यांचीं नांवें क्रमानें घेतों. या पंक्तींत छायाचित्राला अद्याप मानाचें पान मिळालेलें नाहीं. लेखाच्या शेजारीं शोभेसाठीं एक चित्र लावावें, खालीं दोन ओळींचा परिचय द्यावा, एवढ्यावर त्याची बोळवण होते. याचें कारण उघड आहे. मूळ वास्तु डोळ्यांसमोर उभी असतां तिच्या छायेस कोण विचारतो ? परंतु वास्तु नाहींशी झाली, ती बांधणारा व वापरणारा समाजहि नाहींसा झाला आणि मागें केवळ कांचेवर उमटलेली छाया राहिली, तर त्या छायेची योग्यता किती मानावी, तिच्यावर कितपत विसंबावें आणि ती वाचावी कशी, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो.

पूर्व युरोपांतील यहुद्यांच्या लांकडी प्रार्थनामंदिरांच्या बाबतींत हा प्रश्न काल्पनिक नसून प्रत्यक्ष घडलेला आहे. आणि त्याचें उत्तरहि तेथील शिल्पज्ञ, छायाचित्रकार व अनुबोधपटकार यांनीं शंभर वर्षांच्या परिश्रमानें दिलेलें आहे. तें उत्तर समजून घेणें व त्यापासून आपल्याकडील वास्तूंविषयीं, विशेषतः कोंकणांतील बेने इस्रायल समाजाच्या वास्तूंविषयीं, काय बोध घ्यावयाचा तें मांडणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. या वास्तु कोणत्या

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरास सिनेगॉग म्हणतात. आपल्या बेने इस्रायल लोकांत त्यास ‘मशीद’ असेंहि म्हणण्याचा प्रघात होता. सतराव्या व अठराव्या शतकांत पोलंड व लिथुआनिया यांचें जें संयुक्त राज्य होतें, त्यांत आजच्या पोलंड, लिथुआनिया, बेलारूस व युक्रेन या देशांचा फार मोठा भाग मोडत असे. या राज्यांतील लहान लहान पेठांच्या गांवीं यहुद्यांची दाट वस्ती होती, आणि मुलूख अरण्यांचा असल्यामुळें तेथील वास्तुशिल्प मुख्यतः लांकडाचें होतें. ओंडके आडवे रचून व कोपऱ्यांत खांचा पाडून ते एकमेकांत गुंतवावयाचे, वर दोन किंवा तीन टप्प्यांचें उंच छप्पर चढवावयाचें, अशी त्या मंदिरांची बांधणी असे. बाहेरून पाहणारास एखादें मोठें धान्याचें कोठारच वाटावें इतका साधेपणा. आंत मात्र निराळीच सृष्टि.

आंत मध्यभागीं धर्मग्रंथ वाचण्याचा कठडेदार चौथरा असे. त्यास बिमा म्हणतात. यरुशलेमच्या दिशेस असलेल्या भिंतींत, म्हणजे त्या देशांत पूर्वेच्या भिंतींत, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचा कोरीव देव्हारा असे. डोक्यावरील छत लांकडी घुमटाचें, परंतु तो घुमट भिंतींवर पेललेला नसून वरच्या छपराच्या सांगाड्यास आंतून टांगलेला असे. छप्पर इतकें उंच कां, याचें उत्तर या घुमटांत आहे. छत व भिंती चित्रांनीं भरून गेलेल्या असत : सिंह, हरिणें, एकशृंग, पक्षी, द्राक्षवेली आणि बारा राशि. मनुष्याकृति सहसा टाळलेली असे. होदोरूफ येथील छतावर हत्तीहि रंगविलेला होता. भिंतींवर चौकटी आंखून त्यांत प्रार्थना लिहीत. म्हणजे ज्याच्याजवळ पुस्तक नाहीं त्यानेंहि भिंत वाचावी. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें विशेष चिंतनीय वाटेल : येथें भिंत हेंच पोथीचें पान होतें.

यांपैकीं ग्वोझ्जेत्स या गांवचें मंदिर पुढील विवेचनांत वारंवार येणार असल्यामुळें त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. हा गांव आज युक्रेनमध्यें असून ह्विझ्देत्स या नांवानें ओळखला जातो. मंदिर सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बांधलें गेलें. म्हणजे शिवछत्रपतींच्या बालपणाचा तो काळ. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याचें मूळ छत काढून तेथें अष्टकोनी घुमट बसविण्यांत आला. छतावरील चित्रकाम १७२९ मध्यें पुरें झालें. त्याच वर्षीं इकडे थोरले बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यार्थ बुंदेलखंडांत गेले होते. वोल्पा, झाब्वुदूफ व होदोरूफ येथील मंदिरेंहि याच तोडीचीं होतीं.

२. टिपून ठेवणारे

या वास्तूंकडे अभ्यासूंचें लक्ष प्रथम गेलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इसिडोर कौफमान या चित्रकारानें १८९७-९८ च्या सुमारास ग्वोझ्जेत्सच्या मंदिराचा अंतर्भाग तैलरंगांत चितारला. पुढें १९१० ते १९१३ या काळांत व्हिएन्ना येथें शिल्पशास्त्र शिकणाऱ्या अलोइस ब्रायर या तरुणानें आपल्या प्रबंधासाठीं गांवोगांव हिंडून अशा मंदिरांचीं मोजमापें व छायाचित्रें घेतलीं. ग्वोझ्जेत्सचें मंदिरहि त्यांत होतें. त्याच्या कामाचें फळ ग्रंथरूपानें १९३४ मध्यें बाहेर पडलें.

याच सुमारास रशियाच्या साम्राज्यांत श. अन्स्की या साहित्यिकानें १९१२ ते १९१४ पर्यंत वोल्हिनिया व पोडोलिया या प्रांतांत लोकसंस्कृतीच्या संशोधनासाठीं मोहीम काढली. सुमारें सत्तर गांवें पालथीं घालून त्यानें गाणीं, कथा, हस्तलिखितें व वस्तु गोळा केल्या. त्याच्याबरोबर सोलोमन युदोविन हा तरुण छायाचित्रकार होता. त्यानें सुमारें दोन हजार छायाचित्रें घेतलीं. केवळ इमारती न टिपतां त्यांत वावरणारीं माणसें, थडग्यांवरील कोरीव काम व कारागिरांचे हात त्यानें टिपले, हें त्याच्या कामाचें वैशिष्ट्य होय.

परंतु या कार्यास शास्त्रीय शिस्त आली ती वॉर्सा येथें. तेथील तंत्रविद्यालयांत प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांनीं पहिल्या महायुद्धानंतर पोलिश वास्तुशिल्पाच्या अभ्यासाची एक शाखा स्थापिली. विद्यार्थ्यांनीं उन्हाळ्यांत गांवोगांव जावें, प्रत्येक जुन्या वास्तूचीं मापें घ्यावीं, आराखडे काढावे व ते शाखेच्या संग्रहांत जमा करावे, असा तिचा परिपाठ होता. यहुदी मंदिरें पोलिश शिल्पाचाच भाग आहेत, असें मानून तीं या गणनेंत घेण्यांत आलीं. शिमोन झाइचिक हा यहुदी कलेतिहासकार या कामाचा आधारस्तंभ होता. मंदिरांच्या अंतर्भागाचीं आज जीं उत्कृष्ट छायाचित्रें उपलब्ध आहेत, त्यांपैकीं पुष्कळ त्याच्याच हातचीं आहेत.

३. नाश व बचाव

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मन सैन्यानें पोलंडवर स्वारी केली. वॉर्साच्या वेढ्यांत, आपल्या शाखेच्या संग्रहाची राखण करीत असतां, सोस्नोव्स्की यांस मर्मीं जखम झाली व ऑक्टोबरांत त्यांचा अंत झाला. झाइचिकला जर्मनांनीं महायुद्धाच्या काळांतच ठार केलें. झाब्वुदूफचें मंदिर १९४१ च्या जूनांत जाळण्यांत आलें. वोल्पा व ग्वोझ्जेत्स येथील मंदिरेंहि त्याच वर्षीं नष्ट झालीं. पोलंडांतील थोर लांकडी मंदिरांपैकीं एकहि उभें राहिलें नाहीं. लिथुआनियांत कांहीं लहान मंदिरें तेवढीं वांचलीं. आणि ज्या समाजानें तीं बांधिलीं व ज्याचे लोक त्या भिंतींवरच्या प्रार्थना वाचीत उभे राहत, त्या समाजाचीहि तीच गति झाली. पोलंडांत युद्धापूर्वीं सुमारें तेहतीस लक्ष यहुदी होते. त्यांपैकीं दहांतील नऊ मारले गेले. म्हणजे ‘येथें काय होतें’ हें विचारावयास गांवांत मनुष्यहि उरला नाहीं.

वांचला तो संग्रह. वॉर्सा शहर बेचिराख होत असतां १९४४ मध्यें विद्यालयांतील आराखडे व चित्रें गुप्तपणें बाहेर काढून प्योत्रकूफ येथील एका मठाच्या थडग्यांत लपविण्यांत आलीं आणि युद्ध संपेपर्यंत तीं तेथें राहिलीं. मृतांच्या जागेंत हा ठेवा जिवंत राहिला. याच सामग्रीवरून मारिया व काझिमिएश पिएहोत्का या शिल्पज्ञ दांपत्यानें लांकडी सिनेगॉगांवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. तो पोलिश भाषेंत १९५७ मध्यें व इंग्रजींत १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला. आज या विषयावर जें जें लिहिलें जातें, त्याचा पाया हा ग्रंथ आहे. आणि या ग्रंथाचा पाया म्हणजे तीं मापें व तीं छायाचित्रें.

४. छायाचित्र वाचावें कसें

पोथीची प्रत हातीं आली म्हणजे आपण तींतील पाठ एकदम प्रमाण मानीत नाहीं. लेखक कोण, लेखनकाल कोणता, मूळ प्रत कोठली, कोठें ओळ गळली, कोठें शोधकानें हरताळ लावला, हें सर्व पाहतों. हीच दृष्टि छायाचित्रास लावावयाची. ‘कॅमेरा खोटें बोलत नाहीं’ हें विधान ‘लेखक चुकत नाहीं’ याइतकेंच भाबडें आहे. लांकडी मंदिरांच्या छायाचित्रांवर काम करणाऱ्यांनीं ज्या कसोट्या वापरल्या त्या येणेंप्रमाणें :

पहिली कसोटी मानाची, म्हणजे मापाची. छायाचित्रांत जवळची वस्तु मोठी व दूरची लहान दिसते. कॅमेरा वर कलविला तर उभे खांब वर एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात. म्हणून केवळ चित्रावरून उंची वा रुंदी ठरवितां येत नाहीं. तेथें मोजमापाचा आराखडा हवा. उलट पक्षीं आराखड्यांत कोरीव कामाचा उठाव, लांकडाचा पोत, वापरानें झिजलेल्या पायऱ्या यांचा मागमूसहि नसतो. ब्रायरनें व वॉर्साच्या विद्यार्थ्यांनीं दोन्ही गोष्टी बरोबरीनें केल्या, म्हणूनच त्यांचें काम पुढें उपयोगी पडलें. आराखडा व छायाचित्र हीं एकमेकांचीं टीका आहेत.

दुसरी कसोटी रंगाची. सर्व छायाचित्रें कृष्णधवल; आणि छत तर रंगांनीं नटलेलें ! शिवाय त्या काळच्या पुष्कळशा कांचांना लाल रंगाची जाणीव नसल्यासारखीच असे. त्यामुळें लाल रंग काळा उमटे व निळा रंग फिकट उमटे. या कांचेंत जें गडद दिसतें तें मुळांत गडदच होतें असें अनुमान केल्यास फसगत निश्चित. येथें कौफमानचें तैलचित्र उपयोगी पडलें. त्यांत सबंध छत नाहीं. परंतु जेवढा भाग आहे तेवढ्याचे रंग आहेत. चित्रांतील रंग व छायाचित्रांतील छटा यांची सांगड घालून, ज्या भागाचें रंगचित्र नाहीं त्याचाहि रंग ठरवितां आला. हा स्थालीपुलाकन्याय होय. मात्र शीत चाचपतांना तें त्याच भांड्यांतील आहे याची खात्री करून घेतलेली होती.

तिसरी कसोटी लेखाची. छतावर चित्रकारांनीं आपलीं नांवें घातलीं होतीं. ग्वोझ्जेत्सच्या चित्रकारांपैकीं एक यारीचूफ गांवचा इस्राएल बिन मोर्देखाय. यानेंच १७१४ मध्यें होदोरूफचें छत रंगविलें होतें. आपल्या पोथ्यांच्या शेवटीं लेखकाची जी पुष्पिका येते तिचाच हा प्रकार. यहुदी कालगणना सृष्टीच्या आरंभापासून धरतात व तींतील वर्ष अक्षरांकांनीं लिहितात. आपल्याकडील कटपयादि पद्धति ज्यांस परिचित आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. वर्षारंभ शरदांत होत असल्यामुळें ख्रिस्ती सन काढतांना वर्षाच्या पहिल्या महिन्यांसाठीं ३७६१ व पुढील महिन्यांसाठीं ३७६० वजा करावे लागतात. म्हणजे ५४८९ हें वर्ष १७२८ च्या शरदांत सुरू होऊन १७२९ च्या शरदांत संपतें. छायाचित्र पुरेसें स्पष्ट असेल तर अशी पुष्पिका वाचतां येते आणि इमारत जळाली तरी कर्त्याचें नांव व काल हातीं लागतो. दोन गांवच्या छतांवर एकाच हाताचें नांव मिळालें म्हणजे शैलीवरून केलेल्या अनुमानास लेखाचा आधार मिळतो.

चौथी कसोटी अवस्थेची. छायाचित्र हें त्या क्षणाची साक्ष देतें, वास्तूच्या सर्व आयुष्याची नव्हे. १९१२ मध्यें टिपलेल्या मंदिरांत १६५० चे ओंडके, १७२९ चीं चित्रें व एकोणिसाव्या शतकांतील डागडुजी एकाच पृष्ठावर दिसतात. एका पोथींत तीन हातांचें अक्षर असावें तसें हें आहे. तीं हस्ताक्षरें वेगळीं करणें, सांधे कोठें जुळत नाहींत तें पाहणें, छताच्या नक्षीची रेषा भिंतीच्या नक्षीशीं कोठें तुटते तें शोधणें, हें वाचकाचें काम आहे. थॉमस हब्का या शिल्पज्ञानें ग्वोझ्जेत्सवरील २००३ च्या आपल्या ग्रंथांत हेंच केलें.

पांचवी कसोटी टिपणाराच्या दृष्टीची. शिल्पज्ञानें घेतलेल्या चित्रांत माणसें नसतात. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाच्या चित्रांत इमारतीचे कोपरे तुटलेले असतात. जें चौकटीच्या बाहेर राहिलें तें अस्तित्वांतच नव्हतें, असें समजणें हा प्रमाद होय. म्हणून एकाच वास्तूचीं भिन्न हेतूनें घेतलेलीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडावीं.

५. पुनर्रचना व तिचा अनुबोधपट

अशा वाचनाची खरी परीक्षा म्हणजे त्यावरून वास्तु पुन्हां उभी करून दाखविणें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतल्या हँड्सहाऊस स्टुडिओ या संस्थेचे चालक रिक व लॉरा ब्राऊन यांनीं हा विडा उचलला. २०११ च्या उन्हाळ्यांत पोलंडांतील सानोक येथें सुतार व विद्यार्थी यांनीं जुन्या पद्धतीच्या हत्यारांनीं ओंडके तासून ग्वोझ्जेत्सच्या मंदिराचें छप्पर व घुमट सिद्ध केला. त्यानंतर घुमटाच्या फळ्या पोलंडमधील निरनिराळ्या गांवीं, कांहीं ठिकाणीं वांचलेल्या दगडी वा विटांच्या सिनेगॉगांतच, जुन्या पद्धतीनें घोटलेल्या रंगांनीं रंगविण्यांत आल्या. हें काम मूळ आकाराच्या सुमारें ८५ टक्के मापाचें असून वॉर्सा येथील पोलिन या यहुदी इतिहासाच्या संग्रहालयांत तें बसविलेलें आहे. संग्रहालयाचें मुख्य प्रदर्शन २०१४ च्या ऑक्टोबरांत खुलें झालें.

या सर्व खटाटोपाचा अनुबोधपट यारी व केरी वोलिन्स्की या उभयतांनीं तयार केला. तो २०१५ मध्यें प्रदर्शित झाला. यांपैकीं केरी वोलिन्स्की हे नॅशनल जिऑग्राफिक मासिकासाठीं दीर्घकाळ काम केलेले छायाचित्रकार आहेत. स्थिर छायाचित्रांत जें येऊं शकत नाहीं तें या पटांत आलें आहे : ओंडक्यावर कुऱ्हाड कोणत्या कोनानें पडते, खांच कशी बसते, रंग घोटतांना हात कसा फिरतो. १९१२ च्या कांचेनें कारागिरीचें फळ दाखविलें. २०१५ च्या पटानें ती कारागिरी स्वतःच दाखविली. वास्तूच्या इतिहासांत कृति व क्रिया असे दोन भाग असतात, आणि क्रियेची नोंद आपल्या जुन्या साधनांत फार क्वचित् मिळते.

येथें एक विवेक मात्र पाळला पाहिजे. पुनर्रचना म्हणजे मूळ वास्तु नव्हे. भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ही व्यासांच्या हातची पोथी नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच हें खरें. उपलब्ध प्रतींवरून सुज्ञ संपादकानें ठरविलेला तो पाठ आहे. त्याची किंमत त्याच्या मागील प्रमाणांइतकी. वॉर्साचा घुमट पाहून ‘हेंच ग्वोझ्जेत्स’ असें म्हणणारा भक्त असेल, संशोधक नव्हे. उलट, तो नवा म्हणून तुच्छ लेखणाराहि संशोधक नव्हे; कारण ओंडक्यांचा भार प्रत्यक्ष पेलून पाहिल्यावांचून टांगलेल्या घुमटाचें मर्म कागदावर उलगडत नाहीं.

६. चलच्चित्राची साक्ष

युद्धापूर्वींच्या चलच्चित्रांचीहि येथें दखल घेतली पाहिजे. शाऊल व इत्झाक गोस्किंद या बंधूंनीं १९३८-३९ मध्यें पोलंडांतील यहुदी वस्त्यांच्या सहा नगरांवर लहान लहान पट काढले. त्यांपैकीं पांच वांचले आहेत. बियालिस्तोकवरील पटांत तेथील घुमटाचें भव्य सिनेगॉग दिसतें. तें १९४१ च्या जूनांत, आंत माणसें कोंडून, जाळण्यांत आलें.

याहून बोधप्रद उदाहरण नाशेल्स्क गांवाचें आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या डेव्हिड कुर्त्झ या गृहस्थानें १९३८ च्या उन्हाळ्यांत आपल्या जन्मगांवीं तीन मिनिटांचें चलच्चित्र घेतलें. त्याचा बराचसा भाग रंगीत आहे. तें शिल्पासाठीं घेतलेलें नव्हतें. प्रवाशाची ती हौस होती. २००९ मध्यें त्याचा नातू ग्लेन कुर्त्झ यास ती फीत घरांतील जुन्या सामानांत सांपडली. फीत आकुंचन पावून नष्ट होण्याच्या मार्गावर होती. तज्ज्ञांनीं ती वांचविली. पुढें बियांका स्टिग्टर या अनुबोधपटकार बाईंनीं २०२१ मध्यें तीं तीन मिनिटें पुनःपुन्हां थांबवून, उलगडून, त्यांवर तासाहून अधिक लांबीचा पट रचला. त्यांत सिनेगॉगच्या दारावरील कोरीव सिंह, दुकानाच्या पाटीवरील पुसट अक्षरें, माणसांच्या टोप्या व अंगरखे यांतील एकेक गोष्ट एकेका शब्दासारखी वाचली आहे. पाणिनीच्या सूत्रावर भाष्यकारानें पानेंच्या पानें लिहावीं, तसें हें तीन मिनिटांवरील भाष्य आहे. नाशेल्स्कचे यहुदी १९३९ च्या डिसेंबरांत गांवांतून हांकलले गेले. सुमारें तीन हजारांतून शंभरहि वांचले नाहींत. पण त्या पटांतील एक मुलगा वृद्धपणीं जिवंत असल्याचें कळलें, आणि त्यानें चेहरे ओळखून नांवें सांगितलीं. जें साधन सत्तर वर्षें मुकें होतें तें एका साक्षीदाराच्या मुखानें बोलूं लागलें. साक्षीदार असतांना विचारलें पाहिजे, हा याचा धडा.

७. आपल्याकडील विचार

हें सर्व दूरदेशचें आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. येथील समाजानें यहुद्यांचा छळ केला नाहीं, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु वास्तु केवळ आगीनें नष्ट होत नाहीं. माणसें निघून गेल्यानेंहि होते. कोचीनजवळ मट्टंचेरी येथील कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग यरुशलेमच्या संग्रहालयानें नेऊन १९९५ पासून तेथें जपला आहे. मूळ इमारतीचा मोठा भाग मात्र २०१९ च्या पावसाळ्यांत कोसळला.

कोंकणांतील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा, शनवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ या नांवानें गांवोगांव परिचित, व आडनांवांनीं दिवेकर, केहिमकर, पेणकर असा अस्सल कोंकणी. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. मागें राहिलेल्या वास्तूंत मुंबईस सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ मध्यें स्थापिलेलें व १८६० मध्यें आजच्या जागीं आलेलें शाअर हारहमीम, अलिबागचें १८४८ मधील मागेन आबोथ, पनवेलचें १८४९ मधील बेथ एल हीं प्रमुख होत. पुण्याचें ‘लाल देऊळ’ बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनीं बांधविलें; तें १८६७ मध्यें पुरें झालें. यांशिवाय खेड्यापाड्यांतून लहान मंदिरें व दफनभूमि आहेत, आणि थडग्यांवर हिब्रूच्या शेजारीं मराठी लेख आहेत. केहिमकरांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्यें लिहिला. तो छापून निघाला १९३७ मध्यें. इतका विलंब कागदास परवडला. ओलीनें फुगणाऱ्या भिंतीस तो परवडणार नाहीं.

हस्तलिखितें व जुनीं छापील पुस्तकें यांच्या संग्राहकांस या क्षेत्रांत मोठें काम आहे. वल्हांडण सणाचा विधि सांगणारें हागादा हें पुस्तक १८४६ मध्यें मुंबईस हिब्रू व मराठींत शिळाछापावर निघालें. १८७४ च्या पुणें येथील आवृत्तींत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत असल्याचें चित्र आहे. ज्या घरांत हीं पुस्तकें मिळतील त्याच घरांत जुनीं छायाचित्रेंहि मिळतील; संग्राहकानें पुस्तक उचलून छायाचित्र मागें टाकूं नये.

वास्तूची नोंद करणारांनीं पूर्व युरोपच्या अनुभवावरून पुढील गोष्टी पाळाव्या. प्रत्येक वास्तूचीं चारी बाजूंचीं व मागील बाजूचींहि चित्रें घ्यावीं; शोभिवंत दर्शनी भागावर संतोष मानूं नये. चित्रांत मापाची पट्टी असावी, व शक्य तेथें आराखडा काढावा. रंगाचे कामीं रंगपट्टी शेजारीं धरावी. लेख टिपतांना प्रकाश तिरपा घ्यावा, म्हणजे झिजलेलें अक्षर उठून दिसतें. छपराचा सांगाडा, खुंट्या, बिजागऱ्या, फरशी यांना वगळूं नये. दिनांक, स्थळ, दिशा व टिपणाराचें नांव यांची नोंद चित्राबरोबरच करावी. घरगुती चित्रांतील माणसांचीं नांवें वृद्धांना विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावीं. जेथें अद्याप प्रार्थना चालते तेथें ती चालविणाऱ्यांची अनुज्ञा घेऊन क्रियेचेंहि चलच्चित्र घ्यावें. आणि सर्व सामग्रीच्या दोन प्रति करून त्या दोन भिन्न गांवीं ठेवाव्या. प्योत्रकूफचा मठ प्रत्येक संग्रहाच्या नशिबीं असतोच असें नाहीं.

हे नियम केवळ यहुदी वास्तूंसाठीं नाहींत. आपले वाडे, घाट, मठ, दर्गे व गढ्या यांनाहि ते जसेच्या तसे लागू पडतात. वॉर्साच्या विद्यार्थ्यांनीं १९२५ च्या सुमारास हातांत मोजफीत घेतली, तेव्हां पुढें काय वाढून ठेवलें आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. आपल्या देशांतील शिल्पाचा हाहि एक भाग, एवढ्याच भावनेनें त्यांनीं ती नोंद केली. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं प्रत्येकानें आपल्या गांवाजवळची एक वास्तु या पद्धतीनें टिपून तिची एक प्रत मंडळाच्या संग्रहांत जमा केली, तर थोड्या वर्षांत महाराष्ट्राच्या वास्तूंचा असा ठेवा तयार होईल कीं, पुढील संशोधकास तर्काच्या काठीनें चांचपडावें लागणार नाहीं.